मोगर्टमध्ये फोटो-व्हिडिओ बदलता येणाऱ्या चौकटी कशा बांधाव्यात: लग्नाच्या ओपनरचं उदाहरण

लग्नाच्या व्हिडिओचा ओपनर, म्हणजे सुरुवातीचा छोटा तुकडा, दर वेळी तोच असतो आणि दर पार्टीला तो वेगळा हवा असतो. फ्रेम उघडण्याची पद्धत, सोनेरी कडा, नावांचं येणं-जाणं हे एकदा ठरलं की ठरलं. बदलतात ते नवरा-नवरीचे फोटो, हळदीची क्लिप, हॉलचा ड्रोन शॉट आणि तारीख. तुळशीचं लग्न लागून सराई सुरू झाली की एवढ्या बदलासाठी दर वेळी आफ्टर इफेक्ट्स (अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) उघडा, फोटो बदला, रेंडर करा, प्रीमिअरमध्ये (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) आणा, आणि नवरीकडच्यांना फोटो पसंत पडला नाही की पुन्हा तेच. हा खटाटोप टाळायचा तर ओपनरचा मोगर्ट करावा आणि त्यात फोटो-व्हिडिओंच्या जागा बदलण्याजोग्या ठेवाव्यात.

मोगर्ट म्हणजे मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट. अडोबीने ही सोय २०१७ मध्ये आणली. तेव्हा प्रीमिअरमध्ये बसून फक्त अक्षरं, रंग, आकडे बदलता यायचे. टेम्प्लेटच्या आतला फोटो किंवा व्हिडिओ बदलण्याची सोय २०२१ मध्ये आली. आता आफ्टर इफेक्ट्स येणाऱ्या एकाने टेम्प्लेट बांधलं की बाकीचे एडिटर प्रीमिअरमध्येच फोटो ओढून टाकतात.

विकत किंवा फुकट मिळणाऱ्या टेम्प्लेटांमध्ये हे सगळं असतंच, मग स्वतः कशाला बांधायचं? कारण ती टेम्प्लेटं बहुतेक वेळा सुंदर, आडव्या, स्टॉक फोटोंवर बांधलेली असतात. आपल्याकडे येतात ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले उभे फोटो, मामाने फोनवर काढलेला व्हिडिओ आणि फोटोग्राफरने दिलेली चोवीस मेगापिक्सेलची फाइल, तिन्ही एकाच पेनड्राइव्हमध्ये. माझ्या मते टेम्प्लेटची परीक्षा या पेनड्राइव्हवरच होते. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्या एका प्रश्नाला दिली आहे: कुठल्याही आकाराचा माल टाकला तरी चौकट बिघडू नये.

आधी ठरवून घ्यायचं

उदाहरणाला १२ सेकंदांचा ओपनर घेऊ. फ्रेम १९२० बाय १०८०, चार जागा: वधूचा फोटो, वराचा फोटो, हळदीचा व्हिडिओ, हॉलचा व्हिडिओ. शेवटी दोन नावं आणि तारीख.

फ्रेम रेट तुमच्या नेहमीच्या टाइमलाइनचाच ठेवा. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे हॉलमधल्या दिव्यांखाली लखलख येऊ नये म्हणून बरेच जण २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात, आणि टाइमलाइन २५ ची असते. मग टेम्प्लेटही २५ चंच हवं. फोनचा व्हिडिओ बहुधा ३० चा येतो आणि २५ च्या टाइमलाइनमध्ये थोडा अडखळतो. ओपनरमधल्या दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यात ते खपून जातं. सप्तपदीच्या लांब शॉटमध्ये खपत नाही, पण तो वेगळा विषय.

जागा किती ठेवायच्या याबद्दल हात आखडता घ्या. प्रत्येक जागा म्हणजे एडिटरने शोधायचा, निवडायचा आणि नीट बसवायचा एक फोटो. चार जागा दोन मिनिटांत भरतात. बारा जागांचं टेम्प्लेट दिलं की एडिटर तोच फोटो तीनदा टाकतो, आणि ते पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

जागा धरणारी फाइल

आफ्टर इफेक्ट्समध्ये बदलण्याजोग्या जागेसाठी सॉलिड (एकरंगी) किंवा शेप (काढलेल्या आकाराचा) लेयर वापरू नका. खरी चित्राची फाइल घ्या. फोटोशॉपमध्ये किंवा हाताशी असेल त्यात एक राखाडी चित्र बनवा, मधोमध मोठ्या अक्षरात «१ वधू» लिहा, आणि चेहरा साधारण कुठे यावा तिथे एक गोल काढा. अशा चार वेगळ्या फाइली करा. एकच फाइल चारदा वापरली तर प्रीमिअरमधले चारही थंबनेल सारखेच दिसतात आणि कुठला फोटो कुठे जातो ते कळेनासं होतं.

ज्या जागेत व्हिडिओ येणार तिथेही स्थिर चित्रच ठेवा. स्थिर चित्राच्या लेयरला लांबीची मर्यादा नसते. तिथे तीन सेकंदांची व्हिडिओ क्लिप ठेवलीत तर लेयर त्या तीन सेकंदांना बांधला जातो आणि पुढे अ‍ॅनिमेशन लांबवताना अडचण होते.

चौकट तीन थरांत बांधा

इथे घाई करू नका. पहिला मोह असा होतो की राखाडी फाइल सरळ मुख्य कॉम्पमध्ये (आफ्टर इफेक्ट्समधल्या टाइमलाइनमध्ये) टाकावी, तिच्यावरच मास्क (हवा तेवढाच भाग दाखवणारी आकृती) काढावा, तिलाच झूम आणि सरकण्याच्या कीफ्रेम (कुठल्या क्षणी किती ते सांगणाऱ्या खुणा) लावाव्यात. दिसायला सगळं ठीक दिसतं. पण वेगळ्या आकाराचा फोटो आला की मास्क, स्केल आणि जागा सगळंच जुन्या फाइलच्या मापावर अडकलेलं असतं आणि फ्रेम विस्कटते. म्हणून माल, बसवणी आणि अ‍ॅनिमेशन हे तीन थर वेगळे ठेवा.

सगळ्यात आत «वधू मूळ» नावाचा चौरस प्रीकॉम्प (दुसऱ्या कॉम्पच्या आत ठेवायचा कॉम्प) करा, १९२० बाय १९२०. त्यात राखाडी फाइलचा एकच लेयर. बाकी काही नाही, मास्क नाही, इफेक्ट नाही. या लेयरचा अँकर पॉइंट (ज्या बिंदूभोवती तो लहान-मोठा होतो) त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या आणि उंचीच्या निम्म्यावर राहील असं एक्स्प्रेशन (आकडा आपोआप काढणारं सूत्र) द्या आणि पोझिशन ९६०, ९६० ठेवा. स्केलवर दुसरं एक्स्प्रेशन: लेयरची रुंदी आणि उंची यांतला मोठा आकडा घ्या, १९२० ला त्याने भागा, शंभरने गुणा, तेच उत्तर दोन्ही बाजूंना द्या. रुंदी-उंची लेयरकडून विचारायची, आकडा हाताने लिहायचा नाही. मग फोटो बदलला की हिशेब आपोआप नव्याने होतो. परिणाम असा की कुठलाही फोटो आला तरी तो या चौरसात पूर्ण मावतो, काही कापलं जात नाही, आणि त्याची लांब बाजू नेमकी १९२० होते.

आता दुसरा थर, «वधू चौकट», १९२० बाय १०८०. यात «वधू मूळ» दोनदा ठेवा. खालच्या प्रतीला स्केल १७८ टक्के, त्यावर दाट ब्लर आणि थोडा काळोख. वरची प्रत स्वच्छ. तिचं स्केल आणि पोझिशन स्लायडरवर येणार आहे.

१७८ चं कारण. १०८० बाय १९२० चा उभा व्हिडिओ चौरसात १०८० रुंद बसतो, आणि १०८० ला १९२० पर्यंत न्यायचं तर १७८ टक्के लागतात. आडवा १६:९ चा माल तर सहजच पुरून उरतो. म्हणजे उभ्या ९:१६ पासून आडव्या १६:९ पर्यंत काहीही आलं तरी मागची धूसर प्रत सगळी फ्रेम व्यापते आणि काळ्या पट्ट्या कधीच दिसत नाहीत. इथे दुसरं एक्स्प्रेशनसुद्धा लागत नाही. एकच प्रीकॉम्प दोन्हीकडे वापरल्यामुळे एडिटर फोटो एकदाच टाकतो आणि दोन्ही प्रती बदलतात. राखाडी फाइलचेच दोन वेगळे लेयर ठेवले असते तर एक बदलला असता, दुसऱ्यात «१ वधू» असं लिहिलेलं तसंच राहिलं असतं.

वरच्या स्वच्छ प्रतीला कोलॅप्स ट्रान्सफॉर्मेशन्सचं बटण चालू करा, ते सूर्यासारखं चिन्ह. नाहीतर ६००० पिक्सेल रुंद फोटो आधी १९२० ला दाबला जातो, मग झूम करताना पुन्हा ताणला जातो, आणि नवरीचा चेहरा विनाकारण मऊ दिसतो.

तिसरा थर म्हणजे मुख्य कॉम्प. इथे «वधू चौकट» हा साधा लेयर म्हणून येतो आणि मास्क, सोनेरी कडा, सावली, सरकणं, फिरणं सगळं याच्यावर होतं. आत काय आहे याच्याशी या थराला देणंघेणं नाही. वराची चौकट करायची तर प्रोजेक्ट पॅनेलमध्ये दोन्ही प्रीकॉम्पच्या प्रती काढा, आणि नव्या चौकटीत जुना «वधू मूळ» राहिला नाही ना ते बघा. प्रत काढली तरी तिच्या आत जुनाच प्रीकॉम्प असतो.

झूमचा स्लायडर

मुख्य कॉम्पमध्ये «कंट्रोल» नावाचा नल लेयर (न दिसणारा, फक्त स्लायडर ठेवायचा लेयर) घ्या. त्यावर प्रत्येक जागेसाठी तीन स्लायडर: झूम, आडवं सरकवा, उभं सरकवा. «वधू चौकट» मधल्या स्वच्छ प्रतीचं स्केल झूमच्या स्लायडरला पिक व्हिपने (ओढून जोडायच्या दोरीने) जोडा. पोझिशनमध्ये मधल्या बिंदूला म्हणजे ९६०, ५४० ला दोन्ही सरकवण्याचे आकडे मिळवा.

झूमची मर्यादा ५६ ते १८० ठेवा. या एका पट्टीवर सगळे प्रकार बसतात. आडवा १६:९ चा शॉट १०० वर नेमका भरतो. फोनचा उभा व्हिडिओ ५६ वर पूर्ण दिसतो, साधारण ६०५ पिक्सेल रुंद, आणि दोन्ही बाजूंना धूसर प्रत. तोच उभा व्हिडिओ १७८ वर नेला तर फ्रेम भरते, पण त्याच्या उंचीपैकी जेमतेम ३२ टक्के उरते. नवरीच्या शालूचे काठ आणि हनुवटी एकाच फ्रेममध्ये दिसणार नाहीत.

फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२ चा असतो, समजा ६००० बाय ४०००. तो आत १९२० बाय १२८० होतो. झूम १०० वर वरून १०० आणि खालून १०० पिक्सेल कापले जातात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लग्नाच्या फोटोत वरचे १०० पिक्सेल म्हणजे अनेकदा मुंडावळ्या आणि फेट्याचा तुरा. तिथे दोन मार्ग. उभं सरकवाच्या स्लायडरवर १०० द्या, म्हणजे फोटो खाली सरकतो, वरचं सगळं दिसतं आणि काप खालून जातो. किंवा झूम ८४ वर आणा, म्हणजे फोटो पूर्ण मावतो आणि कडेला धूसर पट्टा येतो. मी स्वतः सरकवणं पसंत करतो. आडव्या फोटोच्या बाजूला धूसर पट्टे दिसले की जुळवाजुळव केल्यासारखं वाटतं, उभ्या व्हिडिओला मात्र तेच शोभतं.

सुरुवातीचा झूम १०० ठेवा. बहुतेक माल आडवा असतो आणि एडिटरला काही न करता चालून जावं. एक इशारा: एक्स्प्रेशन लावण्याआधी नुसत्या राखाडी फाइलच्या जागी एक उभा फोटो टाकून, एक्स्पोर्ट करून, तुमच्या आवृत्तीचं प्रीमिअर तो कसा बसवतं ते एकदा बघा. तेवढ्याने भागत असेल तर आतल्या स्केलचं एक्स्प्रेशन वगळलं तरी चालेल. दोन ठिकाणचे हिशेब एकमेकांच्या वाटेत आले की फोटो उगाच लहान किंवा मोठा दिसतो आणि कारण सापडत नाही.

पॅनेलची मांडणी

विंडो मेनूतून इसेन्शियल ग्राफिक्स उघडा. वर मुख्य कॉम्प निवडा, टेम्प्लेटला नाव द्या. आता «वधू मूळ» प्रीकॉम्प उघडून त्यातला राखाडी फाइलचा लेयर टाइमलाइनमधून सरळ पॅनेलमध्ये ओढा. लहान थंबनेल दिसलं की जागा तयार झाली. चारही जागांना हेच करा. नंतर मुख्य कॉम्पवर येऊन «कंट्रोल» नलचे स्लायडर आणि नावं-तारखेच्या मजकुराचे सोर्स टेक्स्ट ओढा. कुठल्या गोष्टी ओढता येतात ते दिसत नसेल तर सोलो सपोर्टेड प्रॉपर्टीज हे बटण दाबा, टाइमलाइनमध्ये तेवढ्याच उरतात.

ओढून झालं की खाली अ‍ॅड फॉरमॅटिंगमधून गट करा: «१ वधू» गटात तिची जागा आणि तिचे तीन स्लायडर, «२ वर» गटात त्याचे. नाव असं द्या की टेम्प्लेट न बनवलेल्या माणसालाही वाचून कळेल. «स्लायडर कंट्रोल ७» हे नाव तुम्हाला आज कळतं, शेजारच्या टेबलावरच्याला कधीच कळणार नाही. त्याच मेनूतून एक कॉमेंट घालून दोन ओळी लिहून ठेवा: उभ्या व्हिडिओला झूम ५६, आडव्याला १००. ही दोन वाक्यं नंतरचे बरेच फोन वाचवतात.

स्लायडरची मर्यादाही इथेच आवळा. झूमला ५६ ते १८०, सरकवण्याला उणे ५०० ते ५००. मर्यादा मोकळी ठेवली तर माउसचा एक झटका बसतो आणि फोटो फ्रेमबाहेर जातो.

सेट पोस्टर टाइमने थंबनेलची फ्रेम निवडा. पहिली फ्रेम काळी असते, आणि टेम्प्लेटांच्या यादीत काळ्या चौकोनातून काही ओळखू येत नाही.

लांबी ताणली तर काय

एडिटर बारा सेकंदांचा ओपनर गाण्याच्या तालावर पंधरा सेकंदांचा करणार, हे धरून चाला. त्यासाठी कॉम्पोझिशन मेनूत रिस्पॉन्सिव्ह डिझाइन टाइम आहे. सुरुवातीचा येण्याचा भाग इंट्रो आणि शेवटचा जाण्याचा भाग आउट्रो म्हणून राखून ठेवला की प्रीमिअरमध्ये क्लिप ओढून लांब केली तरी त्या दोन भागांचा वेग बदलत नाही, मधलाच भाग ताणला जातो.

फोटोंच्या जागांना हे उत्तम चालतं, स्थिर फोटो ताणला तरी काही फरक पडत नाही. पण मधल्या भागात हळदीचा व्हिडिओ असेल तर तोही त्याच प्रमाणात संथ होतो. थोडा संथ झाला तर हळदीला ते गोडच दिसतं. दीडपट ताणला तर हात अडखळत चालल्यासारखा दिसतो. म्हणून व्हिडिओच्या जागा राखीव भागात ठेवा आणि ताणायला फोटोंचा आणि नावांचा भाग मोकळा सोडा. आमच्या ओपनरमध्ये हळद सुरुवातीच्या चार सेकंदांत आहे ती याचसाठी.

देवनागरी नावं

जागांचा विषय असला तरी मराठी टेम्प्लेटात अक्षरं बिघडली की बाकी सगळं वाया जातं. आफ्टर इफेक्ट्सच्या प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात आणि प्रीमिअरच्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन बघा. जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात असेल, तर साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न इंजिन निवडा. नव्या आवृत्तीत युनिव्हर्सल असा पर्याय दिसला तर तो घ्या. फाँट युनिकोडचाच हवा. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्या संगणकावर गेलं की नुसती चिन्हं दिसतात.

नावाच्या पट्टीचा मॅट (नाव जेवढ्या भागात दिसतं तो आकार) घट्ट ठेवू नका. «उर्मिला» मधला रफार आणि «कृष्णा» मधला ऋकार दोन्ही एकाच पट्टीत पूर्ण दिसले पाहिजेत. चाचणीला ही दोन नावं आणि «ज्ञानेश्वरी» एवढं पुरतं. तिन्ही बसली तर जवळजवळ सगळी बसतात.

एक्स्पोर्ट

पॅनेलच्या खाली एक्स्पोर्ट मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट आहे. स्वतःच्या संगणकावर वापरायचं तर लोकल टेम्प्लेट्स फोल्डर, दुसऱ्यांना द्यायचं तर लोकल ड्राइव्ह निवडा आणि मोगर्ट फाइल हाती घ्या. कंपॅटिबिलिटीखालच्या दोन्ही सूचना चालू ठेवा. एक फाँटबद्दल आहे. दुसरी सांगते की टेम्प्लेट बदलायला समोरच्याकडे आफ्टर इफेक्ट्स लागणार आहे का. बाहेरचं प्लगइन वापरलं असलं की ती सूचना हमखास येते, आणि एडिटरकडे ते प्लगइन नसेल तर टेम्प्लेट त्याच्या कामाचं राहत नाही. बाहेरच्या प्लगइनची चमक इथे टाळावी. आफ्टर इफेक्ट्ससोबत येणाऱ्या ग्लो आणि ब्लरमध्ये सोनेरी कडा पुरेशी चमकते.

प्रीमिअरमध्ये वापरताना

ग्राफिक्स मेनूतून इन्स्टॉल मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट करा. २५ व्या आवृत्तीपासून इसेन्शियल ग्राफिक्स पॅनेलची वाटणी झाली आहे: टेम्प्लेटांची यादी ग्राफिक्स टेम्प्लेट्स पॅनेलमध्ये आणि बदल करायच्या गोष्टी प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये. जुन्या आवृत्तीत दोन्ही एकाच पॅनेलच्या ब्राउझ आणि एडिट या टॅबमध्ये होत्या. जुनी शिकवणी पाहून काम करणारे इथेच हरवतात.

टेम्प्लेट टाइमलाइनवर ओढा. त्याआधी तुमचे फोटो आणि क्लिप प्रोजेक्ट पॅनेलमध्ये आणून ठेवा. टाइमलाइनवरची टेम्प्लेट क्लिप निवडा, पॅनेलमध्ये «१ वधू» चं थंबनेल दिसेल, प्रोजेक्ट पॅनेलमधून फोटो उचलून त्यावर सोडा. क्षणभर काही होत नाही असं वाटेल, मग फ्रेम बदलते. मग झूम आणि सरकवणं.

व्हिडिओच्या जागेत क्लिप टाकण्याआधी हवा तेवढा तुकडा वेगळी फाइल म्हणून काढून घ्या. चाळीस मिनिटांची हळदीची फाइल तशीच टाकली तर तिचा सुरुवातीचा भाग दिसेल, म्हणजे बहुतेक वेळा कॅमेरामन फोकस जुळवतोय तो. तुकडा जागेच्या लांबीपेक्षा सेकंदभर जास्त ठेवा, कमी पडला तर शेवटी रिकामी चौकट दिसण्याची भीती असते. आवाज हवा असेल तर तोच तुकडा खालच्या ऑडिओ ट्रॅकवर वेगळा ठेवा. ढोल-ताशाचा आवाज टेम्प्लेटच्या भरवशावर सोडू नये.

त्याच लग्नात दुसरीकडे तेच टेम्प्लेट हवं असेल तर ऑल्ट दाबून क्लिप ओढा, प्रत मिळते. प्रतीतले फोटो बदलले तरी पहिलीचे बदलत नाहीत.

प्ले करताना अडकत असेल तर त्यात नवल नाही, मोगर्ट जड असतात. इन-आउट लावून सीक्वेन्स मेनूतून रेंडर इन टू आउट करा, पट्टी हिरवी झाली की सुरळीत चालतं. ६००० पिक्सेलचे चार फोटो टाकण्यापेक्षा ते आधी साधारण ३८०० पिक्सेलवर आणले तर भार बराच उतरतो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही.

मुद्दाम वाईट माल टाकून बघा

टेम्प्लेट दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एक फोल्डर करून ठेवा आणि त्यातलं सगळं प्रत्येक जागेत टाकून बघा: फोनचा उभा व्हिडिओ, ३:२ चा मोठा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला लहान फोटो, चौरस फोटो, पारदर्शक पार्श्वभूमीचा लोगो, आणि आयफोनवर एचडीआरमध्ये काढलेला एक व्हिडिओ.

पारदर्शक लोगो टाकला की त्यामागे धूसर लोगो दिसतो, तो बरा दिसत नाही. अशा वापरासाठी धूसर प्रत बंद करायचा एक चेकबॉक्स नलवर ठेवा. एचडीआरचा व्हिडिओ साध्या टाइमलाइनमध्ये भडक, पांढरट येऊ शकतो. त्याचा रंग टेम्प्लेटमध्ये टाकण्याआधी जुळवावा, आत गेल्यावर हात पोचत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो लहान असल्यामुळे ताणला जातो. त्यावर टेम्प्लेटमध्ये उपाय नाही, मूळ फाइल मागवावी, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं स्पष्ट सांगावं.

हे सगळं नको असेल तर

एकाच लग्नापुरतं, एकदाच करायचं काम असेल तर मोगर्ट बांधू नका. प्रीमिअरमध्येच नेस्ट केलेल्या सीक्वेन्समध्ये (टाइमलाइनच्या आत ठेवलेल्या टाइमलाइनमध्ये) फोटो ठेवा, आणि बदलायचा झाला की क्लिपवर राइट क्लिक करून रिप्लेस विथ क्लिप. क्लिपवर लावलेले इफेक्ट आणि कीफ्रेम तशाच राहतात. फायनल कट वापरणाऱ्यांना हे वेगळ्या वाटेने मिळतं: अ‍ॅपल मोशनमध्ये ड्रॉप झोन (फोटो-व्हिडिओ टाकायची जागा) ठेवून टायटल किंवा जनरेटर प्रसिद्ध करायचा. तिथेही वरचा चौरस प्रीकॉम्पचा हिशेब उपयोगी पडतो, नावं तेवढी वेगळी.

प्रोजेक्ट दुसऱ्याकडे देताना

प्रीमिअर टेम्प्लेट वापरलं की प्रोजेक्टच्या शेजारी मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट मीडिया नावाचा फोल्डर करतं. प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर देताना तो फोल्डर आणि जागांमध्ये टाकलेले मूळ फोटो दोन्ही बरोबर द्या. फक्त प्रोजेक्ट फाइल पाठवली तर समोरच्याला ऑफलाइनची लाल पाटी दिसते.

टेम्प्लेटमध्ये नंतर सुधारणा करायची असेल तर मूळ प्रोजेक्ट नसला तरी अडत नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये मोगर्ट फाइल सरळ प्रोजेक्टसारखी उघडते, फक्त ती कुठे सुटी करायची तो फोल्डर विचारते. सुधारून नव्याने एक्स्पोर्ट केलं तरी आधीच्या टाइमलाइनवरच्या क्लिप आपोआप बदलत नाहीत. नवं टेम्प्लेट ऑल्ट दाबून जुन्या क्लिपवर ओढा. प्रीमिअर विचारतं, एवढीच बदलू की सगळीकडची. जागा आणि स्लायडर यांची नावं दोन्ही आवृत्तींत तंतोतंत सारखी असतील तर भरलेले फोटो आणि आकडे टिकतात. म्हणून पॅनेलमधली नावं पहिल्या एक्स्पोर्टनंतर बदलू नका, आणि फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा घाला: «लग्न ओपनर आ३». सराईच्या मध्यात नवी आवृत्ती आली तर चालू असलेली लग्नं जुन्यावरच पूर्ण करा, नव्या बुकिंगपासून नवी वापरा.